लोबँकची बारा घरं

स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया
रविवार, ११ जानेवारी १९९८

चि. कुशल,

जयभीम. ईमेल असताना, फोन असताना ताईने कागद का काढला, असं तुला वाटेल. फोनवर मी ओरडले असते आणि तू "ताई, ऐक ना, ऐक ना" करत राहिला असतास. ईमेलला तू दोन ओळींत उत्तर देतोस आणि खाली हसरा चेहरा टाकतोस. कागदावर मला कुणी मधे तोडत नाही, म्हणून कागद.

आधी घरचं. आईचं पत्र बुधवारी आलं. बाबांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. हिरवी पट्टी लावून ते दिवसभर रेडिओ ऐकतात आणि बातम्या देणाऱ्या बाईचे उच्चार सुधारतात. आईने विचारलंय, कुशलकडे जाऊन आलीस, पोरगा जेवतो का नीट, लग्नाचं काही बोलला का. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

इथे गुडघाभर बर्फ आहे. कॅम्पसची बस वेळेवर येत नाही. थीसिसचं चौथं प्रकरण गाइडने तिसऱ्यांदा परत केलंय. अपर्णा बरी आहे, तुझी आठवण काढते. आम्ही दोघी अजून त्याच अपार्टमेंटमध्ये आहोत, त्याच तपकिरी कार्पेटवर. तू सांडलेल्या चहाचा डाग अजून आहे.

झालं घरचं.

तुझ्याकडून येऊन तीन आठवडे झाले. एअरपोर्टवर तू विचारलंस, "ताई, अशी गप्प का?" मी म्हटलं, डोकं दुखतंय. डोकं दुखत नव्हतं. मला तुझ्या कानाखाली वाजवायची होती, सूटकेस हातात होती म्हणून राहिलं.

तुझ्या त्या मित्राच्या, श्रीराम आणि विनीताच्या घरी आपण रविवारी जेवायला गेलो होतो तेव्हाची गोष्ट आहे. तुला आठवत असेल तर विनीताची भरली वांगी आठवत असतील. मला त्यांची नीना आठवते. बारा वर्षांची पोर, दातांना तारा लावलेल्या, मला हाताला धरून आतल्या खोलीत घेऊन गेली. "कम ना कांता मावशी, सी कुशल काकाज गेम!" नोव्हेंबरमध्ये दुकानात आलेला, खोक्यावर शिंगाचं हरीण असलेला तुझा 'मॉसगेट' मी तोपर्यंत पाहिला नव्हता. मी खुशीत होते, कुशल. माझ्या भावाने केलेला गेम एक मुलगी तिच्या घरी बसून खेळतेय, म्हणून माझा ऊर भरून आला होता.

तिने मला पाच वर्षांच्या मुलीला सांगावं तसं समजावून सांगितलं. ती विलो नावाची ड्रुइड होती. ड्रुइड म्हणजे रानात राहणारी, झाडाझुडपांची राखण करणारी बाई, हवं तेव्हा तिला जनावर होता येतं. लांडगा, घार, अस्वल. स्क्रीनच्या तळाशी एक पट्टी होती. ती अलाइनमेंट. एका टोकाला चांगला, दुसऱ्या टोकाला दुष्ट, मधोमध तटस्थ. ड्रुइडने मधेच राहायचं. फार चांगलं वागलं तरी रूप बदलायची शक्ती जाते, फार वाईट वागलं तरी जाते. मी म्हटलं, चांगलं वागलं तरी? ती म्हणाली, "या, यू हॅव टु बी केअरफुल."

मग तिची विलो नदीकाठी आली आणि स्क्रीनवर अक्षरं उमटली. नीनाने ती मोठ्याने वाचली. "लोबँक. ट्वेल्व्ह हाउसेस बिलो द फोर्ड. द वॉटर कम्स हिअर लास्ट."

ते वाक्य कुणाचं आहे ते तुला माहीत आहे. आजोबा अंगणात बाजेवर बसून सांगायचे, "आपली बारा घरं उताराखाली, पाणी आपल्याकडं सर्वात शेवटी येते बापा." वरच्या गावाने गुरं धुतलेलं, कपडे धुतलेलं, सगळं धुऊन उरलेलं पाणी.

आणि त्या बारा घरांतून कोण बाहेर आलं? ड्रेग. करड्या कातडीचे, वाकलेले, तोंडातून लाळ गळणारे. त्यातल्या एकाच्या खांद्यावर दोर होता आणि दोराला मेलेला बैल. आजोबांच्या उजव्या खांद्यावर मेलेली गुरं ओढून पडलेला घट्टा होता, कुशल. लहानपणी तू त्यावर बोट फिरवायचास आणि विचारायचास, हे काय आहे? तू तो घट्टा उचललास आणि एका राक्षसाच्या खांद्यावर ठेवलास.

नीनाने विलोचं अस्वल केलं आणि सुरुवात केली. मी म्हटलं, "अगं, त्यांना का मारतेस?" ती म्हणाली, "इट्स ओके मावशी, दे आर बॉर्न ईव्हिल. सी?" तिने एकावर क्लिक केलं. नाव, ताकद, आणि खाली लिहिलेलं, दुष्ट. मी विचारलं, "बट व्हॉट डिड दे डू?" पोरगी प्रामाणिक आहे. ती थांबली, विचार केला, म्हणाली, "नथिंग येट."

काही लहान लहान ड्रेग पळत होते. त्यांचे प्रत्येकी दोन पॉइंट. बारा घरं रिकामी झाली आणि खालची ती पट्टी केसभरही हलली नाही. जन्मानेच दुष्ट असलेल्यांना मारलं तर ते मोजत नाहीत, आणि अस्वल असताना काहीही केलं तरी ते मोजत नाहीत, कारण जनावराला पाप कुठलं? ही दुसरी युक्ती तिला तू शिकवलीस, असं ती कौतुकाने म्हणाली. एक अख्खी वस्ती मारून ती मुलगी तटस्थ राहिली!

तेव्हा तू दारात उभा होतास, हातात प्लेट. श्रीराम तुझ्या पाठीवर थाप मारत होता. आणि तू हसून काय म्हणालास? "नीना, आधीच अस्वल व्हायचं, लवकर संपतं."

लवकर संपतं.

मी बाहेर जाऊन तुझ्या गाडीत बसले. तिथला तो रिपरिपणारा पाऊस काचेवरून ओघळत होता. तू आलास, मी डोकं दुखतंय म्हटलं.

मला ठाऊक आहे तू असं का केलंस. त्या घरात तुला प्रेमाने वाढतात, काका म्हणतात, गणपतीला बोलावतात. ते सगळं तुला टिकवायचंय. जेवताना विनीताने मला विचारलं, "गजभिये म्हणजे नागपूरकडचे ना? तिकडे कुठले?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हणाले, "नागपूरच," आणि वांग्यांची रेसिपी विचारली. तुझ्यासाठी विषय बदलला मी. भाऊ इथे कोण होऊन राहिलाय ते न कळता कसं बोलायचं? रूप बदलून राहायला तू गेममधून शिकलास की गेमला तू शिकवलंस?

आपल्या 'रानवाट'मध्ये असं होतं का, आठव. तो नुसत्या अक्षरांचा गेम होता, चित्र एकही नाही, कुठल्या कुठल्या युनिव्हर्सिटीतली पोरं नेटवरून येऊन खेळायची. आपला नियम होता की जन्माला येताना अलाइनमेंटची जागा कोरी. माणूस जे करेल ते तिथे उमटेल. अस्वल होऊन केलं तरी उमटेल. हा नियम तू आणि मी ह्याच कार्पेटवर बसून ठरवला. लोबँक तिथेही होतं. थकलेला ड्रुइड तिथे पोचला की एक म्हातारी त्याला पाणी द्यायची. निदान सुरुवातीला तरी द्यायची.

आईने सांगितलं नाही तुला, पण आजोबा गेले तेव्हा त्यांच्या उशाखाली तुझा अमेरिकेला जातानाचा फोटो होता.

दुसऱ्या भागाचं काम सुरू होतंय असं तू म्हणालास. त्यातून ती वस्ती काढ, नाहीतर नीट लिही. यातलं एकही करायचं नसेल तर मला ताई म्हणू नकोस, हे मी रागात लिहीत नाही, तीन आठवडे थांबून लिहितेय.

कांता


बेलव्ह्यू, वॉशिंग्टन
शनिवार, २४ जानेवारी १९९८

ती. ताई,

जयभीम. माझं मराठी अक्षर किती वाईट झालंय ते पहिल्याच ओळीत दिसेल. तरी मराठीतच लिहितो. तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्यांदा लाज वाटली. चौथ्यांदा मला असा राग आला की मी ऑफिसला फोन करून सिक लीव्ह घेतली आणि कपाटातली जुनी खोकी उपसली.

सोबत एक प्रिंटआउट आहे. 'रानवाट'ची फाइल. तारीख बघ, २९ डिसेंबर १९९३. इनिशियल्स के.जी. आहेत, ती तुझी पण आहेत आणि माझी पण, म्हणून तू म्हणशील हे कुशलचं असेल. लॉगिन बघ. कांता.

लोबँकच्या माणसांची ओळ बघ. अलाइनमेंटच्या जागी E आहे. ईव्हिलचा.

मी तिथे होतो, ताई. ख्रिसमसची सुट्टी होती, दुपार होती, मी चिवडा खात कार्पेटवर बसलो होतो. तू टेबलाशी टाइप करत होतीस. लोबँक तू तीन दिवस लिहीत होतीस आणि मला मोठ्याने वाचून दाखवत होतीस. बारा घरं, दोर, बैल, पाणी देणारी म्हातारी. इतकं सुंदर मी आजपर्यंत कुठल्याही गेममध्ये वाचलेलं नाही, माझ्या स्वतःच्या गेममध्ये पण नाही. मग अपर्णा चहा घेऊन आली आणि तुझ्या खांद्यावरून वाचायला लागली. म्हणाली, "हे कुठलं गं? तुमच्या गावाकडे असं असतं का?"

तू हसलीस. "छे गं, राक्षस आहेत ते," म्हणालीस. आणि E टाइप केलंस. म्हातारीची ओळ डिलीट केलीस. नाव पण तूच बदललंस. आधी ते 'द लोबँक पीपल' होते, तू त्यांना ड्रेग केलंस. डिक्शनरी बघून, ड्रेग म्हणजे तळाशी उरलेला गाळ. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस.

मी तेवीस वर्षांचा होतो, तू माझी ताई होतीस. चहाचा कप सांडला माझ्या हातून, तो डाग कसला आहे असं तुला वाटलं होतं?

चार वर्षं मी वाट बघितली की तू विषय काढशील. तू काढलास, आणि सगळं माझ्या अंगावर घालून.

आता माझं. अस्वल असताना मोजायचं नाही हा रूल माझा आहे. तो मी दुसऱ्या कुणावर ढकलणार नाही. प्लेयर्सना आवडेल म्हणून घातला, आवडला. ड्रेग मॉसगेटमध्ये आणले ते पण मीच. माझ्याकडे लिहून तयार होतं, डेडलाइन होती. आर्टिस्टने करडी कातडी आणि लाळ काढली तेव्हा मी ओके म्हटलं. खांद्यावरचा दोर मीच सांगितला. का सांगितला मला माहीत नाही. कदाचित कुणीतरी ओळखावं असं वाटत होतं.

एकदा मीटिंगमध्ये मी म्हटलं होतं, जन्माने अलाइनमेंट नको, डीड्सवर ठेवूया. आमचा लीड वाईट माणूस नाही. त्याने साधं विचारलं, "व्हाय डझ इट मॅटर सो मच टु यू? दे आर मॉन्स्टर्स." टेबलाभोवती बारा जण. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "नो रीझन." तो म्हणाला ओके, नेक्स्ट. एवढंच. तुझं E आणि माझं नो रीझन, ताई. दोन्ही एका घरचे.

पण एक गोष्ट तू चुकीची लिहिलीस आणि ती मी सोडणार नाही. तू म्हणतेस मी श्रीराम-विनीताकडे रूप बदलून राहतो. त्यांना माहीत आहे. शहाण्णवच्या चौदा एप्रिलला मी माझ्या अपार्टमेंटमध्ये लोकांना जेवायला बोलावलं होतं, ते दोघं आले होते, नीनाने केक कापला होता. विनीताचं आजोळ वर्ध्याचं आहे. तिने तुला "कुठले" विचारलं ते गावाचं नाव ऐकायला, कारण मी तिला आजोबांच्या गावाबद्दल सांगितलं होतं. मी तुझ्याकडे बघितलं कारण मला वाटलं, आता ताई सांगेल. तू वांग्यांची रेसिपी विचारलीस. रात्री तू झोपल्यावर विनीताचा फोन आला, माझं काही चुकलं का म्हणून.

तू विषय माझ्यासाठी नाही बदललास.

राहिलं नीनाला म्हटलेलं, "आधीच अस्वल व्हायचं." ते मी म्हणालो.

दुसऱ्या भागाची मोठी मीटिंग फेब्रुवारीच्या शेवटी आहे. त्यात काय बोलायचं ते मला माहीत नाही. ताई म्हणू नकोस असं तू लिहिलंस, मी तीनदा ताई लिहून तीनदा खोडलं आणि परत लिहिलं. तुला जमतं तसं मला नाही जमत.

कुशल


स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया
रविवार, ८ फेब्रुवारी १९९८

चि. कुशल,

जयभीम.

तुझं पाकीट मी मेलबॉक्सपाशीच फाडलं, हातमोजे न काढता. प्रिंटआउट बर्फात पडला, त्याचा एक कोपरा भिजला. E भिजलं नाही.

तीन दिवस मी तुझ्यावर चिडून होते. जपून ठेवला कागद, म्हणजे माझ्याविरुद्ध जपलास, असं वाटलं. चौथ्या दिवशी चिडायला काही उरलं नाही. तू लिहिलंस ते खरं आहे. मी विसरले होते असं म्हणाले तर तेही खोटं होईल. मी विसरले नव्हते. पहिल्या पत्रात "निदान सुरुवातीला" असं लिहिलं तेव्हा पेन थांबलं होतं, मी पुढे ढकललं. तुझ्यावर इतकी तुटून पडले कारण नीनाने ते वाक्य वाचलं तेव्हा मला आजोबांच्या आधी ती दुपार दिसली. तुझी माफी मागते. हे एकच वाक्य मी चार वेगळ्या कागदांवर लिहून फाडलंय, तेव्हा ते हलकं समजू नकोस.

आता काय झालं ते ऐक.

गेल्या रविवारी सकाळी अपर्णा स्वयंपाकघरात पोहे करत होती. मी प्रिंटआउट तिच्यासमोर टेबलावर ठेवला. म्हटलं, "अपर्णा, ही वस्ती आमची आहे. माझ्या आजोबांची. आम्ही बौद्ध आहोत, त्याआधी महार होतो. तू विचारलं होतंस तेव्हा मी राक्षस म्हणाले. राक्षस नाहीत ते." मी खुर्चीची पाठ धरली होती. पाच वर्षं एका घरात राहतोय आम्ही. तिच्या आईने पाठवलेले लाडू मी खाल्लेत. तिला कांजिण्या आल्या तेव्हा मी पंधरा दिवस वर्गात गेले नव्हते.

तिने गॅस बारीक केला आणि म्हणाली, "अगं, मला माहीत होतं."

मला वाटलं मी रडेन. मोकळं वाटेल. कथा-कादंबऱ्यांत असंच होतं ना? मी विचारलं, "कधीपासून?"

"पहिल्यापासून. रूममेट गजभिये म्हटल्यावर मामांनी फोनवरच सांगितलं होतं. पण मी कधी काही मानलं का, सांग? कधी तुला वेगळं वाटू दिलं?"

ती वाट बघत होती, कुशल. मी आभार मानायची.

मी म्हटलं, "माहीत होतं, तर मग त्या दिवशी का विचारलंस? तुमच्या गावाकडे असं असतं का, म्हणून?"

ती पोहे हलवत राहिली. मी परत विचारलं. तेव्हा म्हणाली, "बघायचं होतं, तू सांगतेस का."

माझ्या आयुष्यात मला इतका राग कधी आला नव्हता, तुझ्यावरही नाही. चहाचा ट्रे हातात घेऊन ती माझी परीक्षा घेत होती. आणि मी त्या परीक्षेत पास व्हायला आजोबांना राक्षस केलं, पाणी देणारी म्हातारी पुसून टाकली. मी कुणापासून लपत होते? जिला सगळं माहीत होतं तिच्यापासून. चार वर्षं ती मला लपताना बघत होती आणि त्याला मोठं मन म्हणत होती.

ती म्हणाली, "मग मी काय करायला हवं होतं, कांता? मी विचारलं असतं सरळ, तर तू चिडली असतीस."

मी म्हटलं, "चिडले असते. पण खरं बोलून चिडले असते."

ती रडली. पोहे करपले. मी खिडकी उघडली, कारण धुराचा अलार्म वाजायला लागला होता, आणि आम्ही दोघी टॉवेल हलवत त्या अलार्मखाली उभ्या राहिलो. मी तिला जवळ घेतलं नाही. घालून पाडून बोललेही नाही. ऑगस्टपर्यंत लीज आहे, तोवर एकत्र राहू. काल तिने विचारलं, त्या गावाचं नाव काय आहे. मी सांगितलं. पुढे काय होईल ते मला माहीत नाही, आणि आमच्यात सगळं ठीक झालंय असं मी म्हणणार नाही.

शनिवारी दुपारी डिपार्टमेंटमध्ये गेले. 'रानवाट' अजून चालू आहे, तुला ठाऊक होतं का? तळघरातल्या त्या जुन्या मशीनवर, कुणी बंद करायचं विसरलंय. सात जण खेळत होते. मी बारा घरांवरचं E काढलं आणि जागा कोरी ठेवली. ड्रेग हे नाव काढलं. म्हातारीला नव्याने लिहायला बसले, तर जुनं वाक्य काही केल्या आठवेना. एक तास बसले. जे जमलं ते लिहिलं, पहिल्यासारखं झालेलं नाही. फिनलंडचा एक खेळाडू तिथे आला, तलवार उपसून. थोड्या वेळाने त्याने मला मेसेज केला, हे लोक हल्ला का करत नाहीत, बग आहे का? मी लिहिलं, नाही, ते इथे राहतात. तो म्हणाला मग इथे करायचं काय? मी लिहिलं, तहान लागली असेल तर पाणी माग. तो निघून गेला. त्याला कंटाळा आला असेल. येऊ दे.

तुझ्या मीटिंगबद्दल. पहिल्या पत्रात मी तुला हुकूम सोडला होता, तो परत घेते. तिथे बारा जणांसमोर तुला बसायचंय, मला नाही. मोठी बहीण म्हणून तुझ्या वतीने एकदा मी गप्प बसले, आता तुझ्या वतीने बोलणार नाही.

पण माझ्या वतीने बोलेन. सोबत इंग्रजीत टाइप केलेली दोन पानं आहेत. लोबँक कुठून आलं, ते कुणी लिहिलं, आजोबांचं नाव काय, त्यांच्या खांद्यावर दोर का होता, आणि ते राक्षस कोणत्या दिवशी, कोणाच्या भीतीने झाले, ते सगळं त्यात आहे. अपर्णाचं नाव घातलेलं नाही, माझं घातलंय. तुझ्या लीडने विचारलं होतं ना, इतकं का महत्त्वाचं आहे? हे त्याचं उत्तर आहे. मी घरी परत परत मोठ्याने वाचून बघितलं. तू ती पानं दाखव, फाड, खिशात ठेवून बस, मी विचारणार नाही. नीनाला मात्र मी वेगळं पत्र लिहितेय. तिने खरा प्रश्न नीट ऐकून खरं उत्तर दिलं होतं, तेवढं मी तिचं देणं लागते. विनीतालाही फोन करेन. तिचं काही चुकलं नव्हतं.

राग गेला असं समजू नकोस. अस्वलाच्या त्या नियमाबद्दल तुझ्यावरचा आहे, आणि माझ्यावरचा तर आता कुठे सुरू झालाय. आईला उत्तर लिहिलंय, कुशल नीट जेवतो म्हणून. बाबांची पट्टी निघाली. लांबचं स्पष्ट दिसतं म्हणतात, जवळचं अजून धूसर.

दुसऱ्या पानाच्या तळाशी मी सही केलीय. तिच्या शेजारी एका सहीपुरती जागा सोडलीय. भरलीच पाहिजे असं नाही. रिकामी राहिली तरी मी तुझी

ताई